कष्टाची भाकर आणि आमच्या आण्णांचं दुपारचं जेवण

आमचे आण्णा बार्शीच्या बाजारात हमाली करायचे. आता थकलेत, घरीच असतात, पण माझ्या लहानपणी आठवतं ते म्हणजे सकाळी आई फडक्यात बांधून द्यायची त्या ज्वारीच्या तीन भाकरी, सोबत चटणी नाहीतर कोरडं पिठलं. दुपारपर्यंत भाकरी वाळून कडक व्हायची. आणि ज्या दिवशी आई आजारी असेल किंवा शेतात लवकर जायची असेल त्या दिवशी आण्णा चहा-खारी, चहा-बिडी असं करून दिवस काढायचे, फारच भूक लागली तर वडापाव. आता विचार करा, पाठीवर पोतं घेऊन दिवसभर ट्रक खाली करायचा, तेव्हा एकेक पोतं शंभर किलोचं असायचं (ते ५० किलोवर यायला हमालांना किती वर्षं भांडावं लागलं), आणि पोटात काय तर मैदा, साखर आणि तळलेलं. उपाशी नव्हते, पण याला जेवण म्हणायचं का?

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे परवा ऑफिसात कुणीतरी म्हणालं की गरिबांना हेल्दी फूडचं महत्त्व कळत नाही, अवेअरनेस पाहिजे. मला खरंच राग आला. आण्णांना भाकरीचं महत्त्व कुणी सांगायची गरज नव्हती हो, भाकरी दुपारी दीड वाजता बाजारात परवडेल अशा भावात मिळत नव्हती, एवढाच प्रश्न होता.

२०१२ ला मी पुण्यात नवीन होतो. मेस लावली होती, महिन्याचे पैसे आधी द्यायचे, गावी गेलं तर खाडे धरायचे नाहीत, भाजीत बटाटा ठरलेला. तेव्हा आण्णा डोळे दाखवायला आले आणि दवाखान्यातून निघाल्यावर मी म्हटलं चला मेसवर, तर म्हणाले नको, मार्केट यार्डात चल, हमाल भवनला, आपल्या लोकांचं हाय तिथं. तिथे हमालांच्या संघटनेचं स्वस्त जेवणाचं केंद्र आहे, 'कष्टाची भाकर', त्यात मी पहिल्यांदा जेवलो. झुणका, ज्वारीची भाकरी, कांदा. आण्णांनी तीन भाकरी खाल्ल्या, गरम होत्या, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांना कामाच्या ठिकाणी गरम भाकरी खाताना बघितलंच नव्हतं हे मला तिथे बसल्यावर कळलं. आजूबाजूला हमाल, रिक्षावाले, माझ्यासारखी पोरं. आण्णा म्हणाले, "बघ, हितं कुणी उपकार केल्यागत वाढत न्हाय."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. नंतर माहिती काढत गेलो. कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव आणि पुण्याच्या हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, १९७४ मध्ये हे सुरू केलं, म्हणजे ७२ च्या दुष्काळाच्या मागोमागचा काळ, धान्य महाग, कष्टकऱ्याला बाहेर खाणं परवडेना. तत्त्व साधं, ना नफा ना तोटा. खाणारे आणि चालवणारे एकाच जातकुळीचे, कष्टकरीच. डिसेंबर २०२५ मध्ये बाबा गेले तेव्हा एक गाव एक पाणवठा चळवळ, माथाडी म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांचा लढा असं बरंच लिहून आलं, आणि यायलाच पाहिजे, पण मला सगळ्यात आधी ती थाळी आठवली.

आता स्वस्त जेवण सरकारनेही देऊन बघितलंय. १९९५ ला युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली, गावोगावी स्टॉल झाले, पण अनुदान थांबलं तशी योजना बंद पडली आणि कितीतरी स्टॉलवर भलतंच काहीतरी विकायला लागले. मग २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. करोनात ती पाच रुपयांना केली, पुढे काही काळ फुकट दिली, तेव्हा तिनं खूप लोकांना जगवलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही. पण तिच्यात थाळीमागे सरकार केंद्रचालकाला पैसे देतं, शहरात ५० रुपये धरलेत तर ४० सरकारचे. ते बिल लटकलं की चूल बंद. संघटनेच्या चुलीचं तसं नाही, तिथे रोज येणारा माणूसच रोजचे पैसे देतो आणि भाजी बिघडली तर तोच जाऊन बोलतो, कारण चालवणारा त्याच्या ओळखीचा असतो.

अजून एक, भाकरी स्वस्तात देणं सोपं नाही. चपातीची कणीक मळून ठेवता येते, ज्वारीचं पीठ तसं ठेवता येत नाही, गरम पाण्यात थोडं थोडं मळायचं आणि लगेच थापायचं, त्याला सवयीचा हात लागतो. वर रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळच मिळत आला, ज्वारीची पेरणी घटली आणि जी आमच्याकडे गरिबाची भाकरी होती ती आता गव्हापेक्षा महाग झालीय. हॉटेलात भाकरीचे वेगळे चार्ज लावतात! म्हणून कुणी कष्टकऱ्यांसाठी ज्वारीची भाकरी टिकवून धरतं तेव्हा ते मला फार मोठं काम वाटतं. मुंबईतही प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं, अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणी कामगाराला घरचं जेवण आणि बाईच्या हातात पैसा, दोन्ही एकाच चुलीवर.

मग बार्शीत का नाही? एवढा ज्वारीचा बाजार, पोती आमच्याच लोकांच्या पाठीवरून जातात आणि तेच दुपारी वडापाव खातात, हे मला सहन होत नाही. पुढच्या महिन्यात गावी जाऊन दोन-तीन जुन्या हमालांशी बोलणार आहे. फेब्रुवारी-मार्चला नवी ज्वारी येते, भाव उतरलेला असतो, तेव्हा सगळ्यांनी थोडे थोडे पैसे घालून वर्षाची भरून ठेवता येईल का, भाकरी थापायला गल्लीतल्या चार बायका तयार होतील का, त्यांना रोज काय देता येईल, शेड कुठे मिळेल, असं एका वहीत लिहून काढलंय. रात्री फोनवर आण्णांना सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ ऐकत होते, मग म्हणाले, "ते समदं हुईल. पयलं पाण्याचं बघ, उन्हाळ्यात बाजारात प्यायला पाणी नसतंय."

वहीत सगळ्यात वर तेच लिहिलंय आता.