आधी खांब बघा

विहिरीवरची मोटार उचलली नाही म्हणून मराठवाड्यातला माणूस लगेच मोटार वर काढायला जात नाही. आधी तो खांबाकडं बघतो, डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडालाय का. मग स्टार्टरच्या पेटीतले तिन्ही दिवे, मग फ्यूज, मग केबल. मोटार जळाली हा आळ सगळ्यात शेवटी. हाच माणूस हौसेनं सुटे भाग मागवून कॉम्प्युटर जोडतो, बटण दाबतो, काहीच होत नाही, आणि पहिल्याच श्वासाला म्हणतो, ‘मदरबोर्ड गेला!’ खांब बघायचा राहूनच जातो.

इथं घाईनं आळ घेणं परवडतही नाही. भाग आलेले असतात पुण्याहून, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. धडधाकट मदरबोर्ड कुरियरनं परत पाठवायचा आणि ‘दोष आढळला नाही’ अशा चिठ्ठीसह तोच पुन्हा सोडवून घ्यायचा, यात आठवडे जातात.

मुळात ‘चालू होत नाही’ ही एक तक्रार नव्हे. पंखाही हलत नाही, हे एक. पंखा झटका मारून थांबतो, हे दुसरं. पंखे गरगर फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी ती काळीच, हे तिसरं. वीज कुठपर्यंत जाऊन अडली ते यावरूनच कळतं.

पंखाच हलत नसेल तर खांब म्हणजे एसएमपीएस, घरच्या विजेतून सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी. त्याच्या पाठीमागं एक बारका खटका असतो, त्यावर रेघ आणि शून्य. शून्याची बाजू दाबलेली असेल तर बंद. हसू नका, नव्या मशिनीत हा खटका बंद राहणं अगदी नित्याचं आहे. तो चालू केला की समोरचं बटण न दाबताही मदरबोर्डापर्यंत ५ व्होल्ट पोचलेले असतात, आणि बऱ्याच बोर्डांवर एखादा टिकलीएवढा दिवा लागतो. तो लागला असेल तर संशय कॅबिनेटच्या बटणाच्या वायरीवर घ्यावा. बोर्डाच्या खालच्या कडेला दोन ओळींत नऊ पिना असतात, दहावीची जागा मोकळी. शेजारची अक्षरं तिळाएवढी. बटणाच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या तरी चालतात, दिव्यांच्या मात्र नाही. माहितीपुस्तिका बघून बटणाच्या दोन पिना शोधायच्या, वायर काढायची आणि पेचकसाचं टोक त्या दोन्हींना क्षणभर टेकवायचं. मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा किंवा वायरीचा.

तरीही ढिम्म असेल तर एसएमपीएस सगळ्यापासून सोडवून एकटा तपासायचा. खटका बंद ठेवून २४ पिनांच्या जोडणीतली हिरवी आणि शेजारची काळी तार पेपरक्लिपनं जोडायची, मग खटका चालू करायचा. सगळ्याच तारा काळ्या असतील तर सोळावी पीन आणि तिच्या लगतची सतरावी. पंखा फिरला तर जीव आहे, एवढंच सिद्ध होतं. काही चांगल्या एसएमपीएसचा पंखा भार नसताना मुद्दामच फिरत नाही, त्यामुळं मल्टिमीटर लावलेला बरा. १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये असायला हवी. आणि एसएमपीएसचं पोट उघडायच्या फंदात पडू नये. आतले कपॅसिटर वीज काढल्यावरही बराच वेळ भरलेले राहतात.

झटका मारून थांबणं हे बहुतेक वेळा शॉर्टचं लक्षण. एसएमपीएसनं धोका ओळखून स्वतःच हात आखडता घेतलेला असतो. कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे बुटके खुंट, बसवून त्यावर बोर्ड ठेवतात. मोठ्या एटीएक्स बोर्डाला साधारण नऊ भोकं, लहान बोर्डाला कमी. लहान बोर्ड ठेवताना एखादा स्टँडऑफ जास्तीचा राहिला की तो बोर्डाच्या पाठीवरच्या कल्हईच्या टोकांना टेकतो. यावर उतारा एकच, सगळं बाहेर काढायचं. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा, तो ज्या चकचकीत पिशवीत येतो तिच्यावर नाही, तिचा वरचा थर थोडीफार वीज वाहू देतो. प्रोसेसर, पंखा, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस, बस. खोक्यावर सुरू झालं तर चोर कॅबिनेटमध्ये.

खरी गर्दी तिसऱ्या तक्रारीची. ‘डिस्प्ले नाही.’ यात पहिला मान प्रोसेसरच्या ८ पिनी जोडणीचा. ती बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, उष्णता काढणाऱ्या हीटसिंकच्या आड असते, म्हणून हमखास विसरते. तिच्याविना पंखे खुशाल फिरतात, प्रोसेसर मात्र उपाशी. ही जोडणी चार-चारमध्ये फुटते, ग्राफिक्स कार्डाची सहा-दोनमध्ये. दिसायला बहिणी-बहिणी, पण एकमेकींच्या जागी चालत नाहीत. आणि सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल, बसत असली तरी, लावू नये. एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम ज्या त्या कंपनीचा वेगळा असतो, हार्ड डिस्क जळते ती यानंच.

मग रॅम. दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पट्टी बसली असं वाटणं वेगळं आणि बसणं वेगळं. अंगठ्यानं जोर द्यावा लागतो, इतका की बोर्ड वाकेल अशी भीती वाटते, आणि मग ‘कट्’ असा आवाज येतो. आपल्याकडं रॅम काढून खोडरबरानं घासायचा रिवाज आहे. जुन्या, काळवंडलेल्या पट्टीला तो लागू पडतो. कालच पाकिटातून निघालेल्या पट्टीचा गुण खोडरबराचा नसतो, पुन्हा बसवण्याचा असतो. रॅम डीडीआर५ या नव्या पिढीची असेल तर निराळीच गंमत. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची चाचपणी करत बसतो आणि काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. धीर सुटून बटण दाबलं, किंवा नेमकी लाईट गेली, की पुन्हा पहिल्यापासून.

बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज जिच्यावरून सुरू होतं ती डिस्क). जो दिवा अडून बसला तिथं घोडं अडलं. व्हीजीएवर अडलं तर एचडीएमआय केबल कार्डात आहे की बोर्डात, ते बघायचं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो, त्यात चित्र काढणारा भागच नसतो, बोर्डाच्या पोर्टातून काही येणार नाही. सीपीयूवर अडलं तर बोर्डाचा बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, प्रोसेसरपेक्षा जुना असू शकतो. बोर्डाच्या मागं बायोस नवा करायचं फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनीनं सांगितलेल्या नावानं फाइल ठेवून काम होतं. दोष बायोसचाही नसेल तर प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये तिरपी बॅटरी मारून बघायचं. सरळ पिना सारख्या चमकतात, वाकलेली एकच वेगळी दिसते.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या की लोक म्हणतात, एसएमपीएस खराब. तसं नसतं. एसएमपीएसच्या आतल्या विजेच्या गाळणीतले कपॅसिटर पत्र्याशी जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब चढतो, प्रवाह अगदी नगण्य. म्हणजे दोष घराच्या वायरिंगचा. मीठ-कोळशाचा खड्डा असला तरी आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा सुकतो, आणि त्याला बादलीभर पाणी लागतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आलं. त्या साली अर्थिंगला पाणी घाला असं सांगायची कुणाची छाती झाली असती? अन् नेमकी तीच कोरडी हवा अंगावर स्थिर वीज साठवते. त्यावर ‘एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावून घ्या’ हा सर्रास सल्ला, पण अंगावरची वीज जमिनीत जायची ती अर्थिंगमधूनच.

शेवटचा दिवा बूटचा. बाकीचे तिन्ही विझले, तो एकटाच उरला आणि स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत बूट डिव्हाइस सापडत नाही असं उमटलं, की पुष्कळांचा पुन्हा धीर सुटतो. पण नव्या डिस्कवर अजून विंडोज टाकलेलंच नसतं. मोटार उचलली आहे, पाइप तेवढा जोडायचा राहिलाय.