कापड उलटून बघताना

“एका डिझाइनला ३०० नग. त्याखाली जमत नाही, मॅडम.”

सकाळपासून प्रदर्शनात तिसऱ्या स्टॉलवर हेच ऐकत होते. उशीचा अभ्रा २४० रुपयांना, म्हणजे एकाच डिझाइनचे ७२,००० रुपये. पोस्टातली ठेव मोडून मी बुटिकसाठी १,८०,००० रुपये उभे केले होते आणि सांगलीत घेतलेला गाळा ११ बाय १६ फुटांचा. तीनशे अभ्रे नुसते रचायचे म्हटलं तरी एक भिंत गेली.

ग्रेटर नोएडातलं आयएचजीएफ दिल्ली फेअर हे हस्तकला निर्यात संवर्धन परिषदेचं प्रदर्शन, १९९४ पासून चालत आलेलं, वर्षातून दोनदा भरणारं. मुळात ते परदेशी खरेदीदारांसाठी, त्यामुळे भावाची भाषा कंटेनरची. देशातल्या दुकानदारांनाही आत जाता येतं. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन, मग मेट्रोनं नोएडा सेक्टर ५२, तिथून चालत सेक्टर ५१, पुन्हा मेट्रो, अशी मी पोचले होते. हातात चाळीस वस्तूंची यादी होती.

दालनांमागून दालनं. मुरादाबादचं पितळ, सहारनपूरचं कोरीव लाकूड, फिरोजाबादची काच, खुर्जाची भांडी. सगळंच सुंदर, आणि मला त्यातलं काहीच पारखता येत नव्हतं. पितळी समई हातात घेऊन मी फक्त वजन बघत होते. ओतकाम चांगलं की वाईट, पॉलिश किती दिवस टिकेल, गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगणार काय? दुपारपर्यंत यादीतल्या पंचवीस वस्तूंवर काट मारली.

कापडाच्या दालनात मात्र पाय आपोआप मंदावले. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, होते. दिवाळीचं कापड घ्यायला गेलो की दुकानदार रंग दाखवायचा आणि वडील कापड उलटं करायचे. मीही तेच करते.

एका झगमगीत स्टॉलवर निळ्या बुट्ट्यांचं कापड होतं, पाटी ‘हँडब्लॉक’, म्हणजे लाकडी ठशानं हातानं छापलेलं. उलटून बघितलं तर मागची बाजू जवळजवळ पांढरी. पुढून पाहिलं तर पहिली बुट्टी आणि पन्नासावी बुट्टी तंतोतंत सारखी, जोड कुठे दिसेना. मी विचारलं तेव्हा स्टॉलवाला म्हणाला, “डिझाइन हँडब्लॉक का है.” छपाई स्क्रीनची, म्हणजे जाळीतून रंग ओढून केलेली होती. स्क्रीनच्या छपाईत वाईट काही नाही, ती स्वस्त पडते आणि खपतेही. पण ती हाताची म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि माझ्या दुकानात ती होऊ द्यायची नव्हती.

चार स्टॉल सोडून राजस्थानातल्या बगरूचे एक छपाईवाले बसले होते, साठीचे, नखांच्या कडांत नीळ मुरलेली. मी कापड उलटलं तसे ते उठून उभे राहिले. “देखिए, देखिए बहनजी,” म्हणत त्यांनी स्वतःच ताग्याची चार मीटर घडी मोडली. रंग पार मागपर्यंत पोचला होता. ठशाच्या कोपऱ्यात मोहरीएवढा ठिपका असतो, त्यावर पुढचा ठसा जुळवतात. तो ठिपका त्यांनी बोटानं दाखवला. एके ठिकाणी दोन ठसे केसभर एकमेकांवर चढले होते, एके ठिकाणी हात जरा जड पडला होता.

मग दाबू, म्हणजे चिखलाच्या लगद्यानं करायची छपाई, समजावला. माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचं पीठ यांचा लगदा ठशानं लावायचा, वर लाकडाचा भुसा भुरभुरायचा, वाळवून कापड निळीच्या हौदात बुडवायचं. लगदा असतो तिथे नीळ शिरत नाही. काळा रंग कसा करता, विचारलं. जुनं लोखंड आणि गूळ पाण्यात बरेच दिवस कुजवायचे. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं असतं, आणि हिरड्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंड भेटलं की काळा पक्का होतो. हिरडा तर आमच्या सह्याद्रीतला, जुन्नर-आंबेगावकडे लोक रानातून वेचून आणतात. आणि गूळ तर आमच्या घराशेजारचाच. राजस्थानातल्या त्या काळ्या रेघेकडे मी किती तरी वेळ बघत राहिले.

त्यांचीही अट होतीच, एका डिझाइनला २०० मीटर. मी गाळ्याचं माप आणि माझी रक्कम, दोन्ही खरं खरं सांगितलं. ते थोडं थांबले. निर्यातीच्या मालातून उरलेले कटपीस आहेत म्हणाले, पाच ते बारा मीटरचे, चालतील? आठ डिझाइनचे मिळून १६० मीटर, १८० रुपये मीटरनं २८,८०० रुपये झाले. निम्मे आगाऊ दिले. बिलाखाली त्यांनी न सांगता स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘रंगात फरक राहील. पहिली धुलाई वेगळी करावी.’ हा कागद मी गिऱ्हाइकांना दाखवणार आहे.

बाहेर पडून पायरीवर बसले आणि सुतारमामांना फोन लावला.

“मामा, काचेचं कपाट करू नका. पितळेचं काही घेतलं नाही. भिंतीला आडवे दांडे लावा, छातीएवढ्या उंचीवर.”

“भिंतीला चिकटून?”

“नको. मागून हात गेला पाहिजे. बायका कापड उलटून बघतील.”

“मग वीतभर सोडतो,” मामा म्हणाले.