तुम्ही विचारलंत म्हणून: साठ दिवसांचं घड्याळ सुरू कोण करतं?

अमेरिकेनं कुठे हवाई हल्ला केला की दोन दिवसांत हा प्रश्न येतोच: ‘युद्ध जाहीर करायचा अधिकार तिथल्या संसदेचा ना? मग राष्ट्राध्यक्षानं कुणाला न विचारता बॉम्ब टाकले कसे? त्याला अडवणारा कायदाच नाही का?’

कायदा आहे, १९७३ सालचा. तिथली राज्यघटना युद्ध जाहीर करणं, सैन्य उभारणं आणि त्याला पैसा देणं ही कामं काँग्रेसकडे, म्हणजे संसदेकडे देते, आणि राष्ट्राध्यक्षाला सरसेनापती करते. या दोन वाक्यांमधल्या फटीतून बरंच काही निसटलं. अमेरिकेनं शेवटची युद्धघोषणा केली ती जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरियाच्या युद्धात तर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी संसदेची मंजुरीही घेतली नाही. व्हिएतनाममध्ये हात पोळल्यावर काँग्रेसनं हा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरला, तो ७ नोव्हेंबर १९७३ रोजी दोन्ही सभागृहांनी डावलला. प्रतिनिधिगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, २८४ विरुद्ध १३५ मतं पडली, लागणाऱ्या दोन तृतीयांशांपेक्षा फक्त चार जास्त.

कायद्याची रीत अशी. सैन्य लढाईत उतरलं, किंवा उतरण्याच्या बेतात असलं, की ४८ तासांत काँग्रेसला लेखी अहवाल द्यायचा. तिथून ६० दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर लढाई थांबवायची. सैन्य सुखरूप परत आणायला फार तर आणखी ३० दिवस. ‘म्हणजे ६० दिवस वाट्टेल ते करायची मुभा’ असा अर्थ बरेच जण काढतात, तो चुकीचा आहे. कुठलाही नवा अधिकार आपण देत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. युद्धघोषणा, काँग्रेसची स्पष्ट मंजुरी किंवा देशावर, त्याच्या प्रदेशांवर वा सैन्यावर झालेला हल्ला, हे तीनच प्रसंग त्यात मानले आहेत.

हा अहवाल म्हणजे राष्ट्राध्यक्षाचं पत्रच असतं. आता ते पत्र जवळून बघा, कारण खरी मेख तिथे आहे. चौथ्या कलमात अहवाल द्यायचे तीन प्रसंग आहेत: प्रत्यक्ष वा तोंडावर आलेली लढाई, शस्त्रसज्ज सैन्य परदेशात उतरणं, आणि आधीपासून असलेल्या सैन्यात मोठी भर घालणं. साठ दिवसांचं घड्याळ सुरू होतं ते फक्त पहिल्या प्रसंगाचा अहवाल दिला तर, किंवा तो देणं बंधनकारक होतं त्या घटकेपासून. पण बंधनकारक होता की नव्हता हे सांगणार कोण? व्हाइट हाउसचे वकील पत्र लिहितात ते ‘कायद्याशी सुसंगत राहून’ असं. ‘कायद्याच्या अमुक कलमान्वये’ असं लिहीत नाहीत, म्हणजे घड्याळ सुरू झाल्याची कबुली नको. सरकारी कागद हाताळणाऱ्या कुणालाही ‘अन्वये’ आणि ‘सुसंगत’ यांतला फरक सांगावा लागणार नाही. पहिल्या प्रसंगाचं उपकलम नाव घेऊन लिहिलेलं ठळक उदाहरण म्हणजे मे १९७५ मधलं, कंबोडियानं पकडलेल्या मायाग्वेझ या अमेरिकी जहाजाच्या सुटकेनंतरचं राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचं पत्र. तेव्हा कारवाई आधीच संपली होती.

दुसरी पळवाट शब्दाची. कायद्यात ‘हॉस्टिलिटीज’ (ढोबळमानाने ‘लढाई’) हा शब्द आहे, त्याची व्याख्या नाही. लिबियावर १९ मार्च २०११ ला हल्ले सुरू झाले, अहवालापासूनचे ६० दिवस २० मे रोजी भरले. ओबामा प्रशासनाचं म्हणणं असं की जमिनीवर सैन्य नाही, आपल्या माणसांच्या जिवाला फारसा धोका नाही, समोरून सतत गोळीबार नाही, तेव्हा ही ‘हॉस्टिलिटीज’ नव्हेतच. न्याय खात्यातल्या ज्या कार्यालयाचा सल्ला अशा वेळी अखेरचा मानतात, त्याचं मत उलट होतं. ते बाजूला ठेवून परराष्ट्र खात्याच्या आणि व्हाइट हाउसच्या वकिलांचं मत उचललं गेलं. बॉम्ब पडत असताना ‘ही लढाई नाही’ असं म्हणणं मला कायद्याची थट्टाच वाटते, आणि ते करणारा पक्ष कुठला याने त्यात काही फरक पडत नाही.

तिसरी गोष्ट न्यायालयानं केली. मूळ कायद्यात सोय होती की दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमतानं ठराव केला की सैन्य मागे घ्यायचं; त्याला राष्ट्राध्यक्षाची सही लागणार नव्हती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, स्थलांतरासंबंधीच्या एका खटल्यात, सहीवाचून होणारे असे ठराव घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून लढाई थांबवायचा ठराव त्याच राष्ट्राध्यक्षासमोर जातो, तो नकाराधिकार वापरतो आणि मग दोन तृतीयांश मतं लागतात. याचा हिशेब करून बघा: शंभर सिनेटरांपैकी ३४ जण राष्ट्राध्यक्षामागे उभे राहिले तर लढाई चालू राहते. २०१९ मध्ये येमेनच्या युद्धातून अंग काढून घ्यायचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. ट्रम्प यांनी तो नाकारला आणि सिनेटमध्ये ५३ विरुद्ध ४५ अशी मतं पडूनही नकार कायम राहिला.

आणि काँग्रेसचं स्वतःचं काय? २८ एप्रिल १९९९ रोजी, कोसोवोच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले चालू असताना, प्रतिनिधिगृहानं युद्ध जाहीर करायला नकार दिला, सैन्य मागे घ्यायलाही नकार दिला, आणि हवाई हल्ल्यांना मंजुरी देणारा ठराव २१३ विरुद्ध २१३ असा बरोबरीत पडला. पुढच्याच महिन्यात मोहिमेसाठी पैसे मात्र मंजूर केले. सदस्यांनी कोर्टात धाव घेतली, तर तुम्हाला दावा लावायचा हक्कच पोचत नाही असं उत्तर मिळालं. जबाबदारीचं मत द्यायचं टाळलं की कोर्टही मदतीला येत नाही.

मग चालतं काय? पैसा, आणि तोही तारीख घालून. १९७३ मध्ये कंबोडियावरचे बॉम्बहल्ले १५ ऑगस्टला थांबले, कारण त्या दिवसानंतर पैसा मिळणार नाही असं खर्चाच्या विधेयकातच घातलं होतं. त्याआधी पैसा ताबडतोब तोडणारी तरतूद निक्सन यांनी फेटाळली होती; ही मात्र सरकार चालवायला लागणाऱ्या पैशालाच बांधलेली होती, म्हणून सही करावी लागली. सोमालियातल्या मोहिमेसाठी ३१ मार्च १९९४ ही तारीख अशीच घातली गेली. लढाई थांबवायच्या ठरावाच्या बाबतीत कुणी काही केलं नाही तर लढाई चालू राहते; पैशाच्या तारखेत कुणी काही केलं नाही तर ती बंद पडते. सगळा फरक यात आहे.

कोर्ट चालतं ते समोर नुकसान झालेला माणूस किंवा मालमत्ता असेल तर. कोरियन युद्धाच्या नावाखाली ट्रुमन यांनी पोलाद गिरण्या ताब्यात घेतल्या, तेव्हा गिरणीमालक कोर्टात गेले आणि २ जून १९५२ रोजी ६ विरुद्ध ३ असे जिंकले. ग्वांतानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगातल्या कैद्यांना २००८ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निकालानं कोर्टाचा दरवाजा उघडला. दुसऱ्या देशात पडलेल्या बॉम्बसाठी असा वादी सापडत नाही. शिवाय १ जुलै २०२४ च्या निकालानं राष्ट्राध्यक्षाला त्याच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांबाबत फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण दिलंय, तेव्हा पदावरून उतरल्यावरची भीतीही कमी झाली.

उरतो सही करणारा माणूस. मार्च २००४. कोर्टाच्या परवानगीविना टेहळणी करण्याचा बुश यांचा कार्यक्रम साधारण दर ४५ दिवसांनी नव्यानं मंजूर व्हायचा आणि तो कायदेशीर असल्याची ॲटर्नी जनरलची, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखाची, सही लागायची. ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट इस्पितळात, अतिदक्षता विभागात. व्हाइट हाउसचे दोन अधिकारी सहीसाठी खाटेपाशी आले. त्यांच्या आधी हंगामी ॲटर्नी जनरल जेम्स कोमी येऊन बसले होते. ॲशक्रॉफ्ट यांनी सही केली नाही. अधिकार आता कोमींकडे आहे, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी न्याय खात्याच्या सहीवाचूनच कागद पुढे सरकला, तेव्हा वरिष्ठ अधिकारी राजीनामे द्यायला निघाले आणि बुश यांनी कार्यक्रमात बदल मान्य केले. कार्यक्रम बंद झाला नाही, हेही सांगायला हवं. आणि २००२ मध्ये छळाच्या व्याख्येत जवळजवळ काहीच बसू नये असा अर्थ लावणारा सल्ला याच न्याय खात्यातून सहीनिशी निघाला होता. तो २००४ मध्ये मागे घेतला गेला.

आपल्याकडे सहीचं महत्त्व १९७५ नंतर कळलं. जूनच्या त्या रात्री मंत्रिमंडळाला न विचारता राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून ४४ व्या घटनादुरुस्तीनं आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवणं सक्तीचं केलं.

पुढच्या वेळी हल्ल्याची बातमी आली की राष्ट्राध्यक्षाचं प्रतिनिधिगृहाच्या सभापतींना गेलेलं पत्र शोधा. ती पत्रं बहुधा प्रसिद्ध होतात, दोन-तीन पानांचीच असतात. तारीख बघा, ‘अन्वये’ आहे की ‘सुसंगत’ ते बघा, साठावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि त्या दिवसाच्या आसपास खर्चाचं कुठलं विधेयक सभागृहात येणार आहे, तेही.