चारशे सोळा, चारशे सोळा

हळदीच्या अडत पेढीवर मी सव्वीस वर्षं दिवाणजी होतो. परगावच्या व्यापाऱ्यांना बिलं टपालाने जायची आणि पाकिटामागचा पत्ता मीच लिहायचो. शेवटी सांगली ४१६४१६. हात आपोआप चालायचा.

परवा सातवीतली नात म्हणाली, "आजोबा, भागाकाराला एक मोठी संख्या सांगा." तोंडातून पिनच बाहेर पडला. तिने ७ ने भागलं, ५९४८८ आले, बाकी शून्य. त्याला ११ ने भागलं, ५४०८. मग १३ ने. "आजोबा, परत चारशे सोळाच आलं!"

७ गुणिले ११ गुणिले १३ म्हणजे १००१. कुठल्याही तीन अंकी संख्येला १००१ ने गुणलं की तिची हजारपट आणि ती स्वतः यांची बेरीज होते. म्हणजे तीच संख्या दोनदा शेजारी. टपाल खात्याने १९७२ साली पिन सुरू केले. पहिले तीन अंक जिल्ह्याच्या टपाल विभागणीचे (कोल्हापूरचेही ४१६च), पुढचे तीन पोस्टाचे. सांगलीच्या वाट्याला दुसऱ्यांदाही ४१६ आले, म्हणून हे सगळं.

ती झोपल्यावर मी वही घेऊन बसलो. खुद्द ४१६ म्हणजे ३२ तेरा. तेव्हा पिनचे मूळ अवयव असे: २ पाच वेळा, ७, ११ आणि १३ दोनदा. त्यावरून विभाजक ७२, जोड्या ३६. सगळ्या मांडल्या. सर्वांत जवळची जोडी निघाली ६१६ आणि ६७६. दोन्ही उलटसुलट सारख्याच! त्यांच्या बरोबर मधे ६४६, तीही तशीच. म्हणजे ६४६ च्या वर्गातून ३० चा वर्ग वजा केला की आपली सांगली. किती तरी वेळ मी त्या ओळीकडे बघत होतो. इतकी वर्षं ही जोडी माझ्या हाताखालून जात होती.

अंकांची बेरीज २२, आणि २२ नेही निःशेष भाग जातो. अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी 'हर्षद' हे नाव दिलं. फार नेमकं नाव आहे.

नात राहते विश्रामबागेत, पिन ४१६४१५. सकाळी तिने तोही फोडला: ३, ५, १७, २३, ७१. आमच्यातला एकही अवयव त्यात नाही. लागोपाठच्या दोन संख्यांत तो असूच शकत नाही. हे ऐकून ती जरा हिरमुसली. पण पाचही अवयव वेगवेगळे, एकही दोनदा नाही, हे तिला मी दाखवलं.

मग मिरज, ४१६४१०. दहा बाजूला काढले, उरले ४१६४१. २०५ चा वर्ग त्याच्या पुढे जातो, म्हणून १९९ पर्यंतच्या मूळ संख्या लावून पाहायच्या, एकूण ४६. निम्म्या तिने, निम्म्या मी. दुपारचा चहा गार झाला. एकीनेही भाग गेला नाही.