एक्लिप्सोचा बस्ट: चेहरा उभा राहिला, हिरा बाकी

मंडळी, कॉमिक्समधल्या एक्लिप्सो या खलनायकाचा बस्ट, म्हणजे अर्धपुतळा करतोय, त्याचं काम बऱ्यापैकी पुढं सरकलंय. डोकं, मान, खांदे आणि वर उचललेला हात इथपर्यंत आकार आलाय, रंग एकाच बाजूला चढलाय, आणि त्याच्या हातातला काळा हिरा अजून ॲक्रिलिक शीटच्या तुकड्यातच पडलाय. जालन्यात मे महिना चालू आहे त्यामुळं काम फक्त रात्री नाहीतर पहाटे, दुपारी क्ले हातात घेतली की ती आपल्याला जुमानतच नाही.

ज्यांना हा गडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचं पात्र आहे, १९६३ साली हाऊस ऑफ सीक्रेट्स या कॉमिकच्या ६१व्या अंकात पहिल्यांदा आलं, बॉब हेनी आणि ली एलियास या दोघांचं काम. ब्रूस गॉर्डन म्हणून एक शास्त्रज्ञ असतो, सूर्यावर संशोधन करणारा, तो ग्रहण बघायला डायब्लो नावाच्या बेटावर जातो, तिथं मोफिर नावाच्या मांत्रिकासोबत झटापट होते आणि काळ्या हिऱ्याचा ओरखडा बसतो. झालं, तिथून पुढं ग्रहण लागलं की गॉर्डनमधून एक्लिप्सो बाहेर, झगझगीत उजेड पडला की परत गॉर्डन. पुढं १९९२ ला डीसीनं सगळं उलटंपालटं केलं. एक्लिप्सो म्हणजे गॉर्डनची वाईट बाजू नाहीच, तो फार जुना, सूडानं पेटलेला राक्षस, मोठ्या काळ्या हिऱ्याचे हजार तुकडे जगभर पसरलेले, आणि तुकडा हातात असताना ज्याचं डोकं फिरलं त्याला हा धरतो. सुपरमॅनला पण सोडलं नाही. त्या क्रॉसओव्हरच्या, म्हणजे अनेक सिरीजमधून एकत्र चाललेल्या गोष्टीच्या, पहिल्या अंकाच्या कव्हरवर चक्क प्लास्टिकचा खडा चिकटवलेला होता, काय दिवस होते राव ते. आणि १९९३ मधल्या त्याच्या स्वतःच्या सिरीजचा तेरावा अंक ज्यांनी वाचलाय त्यांना माहितीय हा किती क्रूर आहे ते, एका झटक्यात हिरोंची आख्खी टीम कापून काढली त्यानं.

मला मात्र मारामारीपेक्षा त्याला आत शिरायला आपला राग लागतो ही गोष्टच जास्त भारी वाटते. बाकीचे राक्षस दार फोडून आत येतात, याला आपणच आतून कडी काढून देतो. नंतर त्या तेराव्या अंकात मेलेल्या टीममधल्या योलांडा मोंटेझचा चुलतभाऊ अलेक्झांडर बदला घ्यायला म्हणून हिऱ्यांचा अर्क स्वतःच्याच अंगात टोचून घेतो, एक्लिप्सोला आत कैद करायला अंगभर मंत्राचे टॅटू काढतो, काही काळ जमतं पण, आणि मग टॅटूची एक रेघ तुटते आणि संपलं सगळं. ही गोष्ट वाचल्यावरच मी ठरवलं होतं की शिंगं नाही, सुळे नाही, लाल डोळे नाही. माणूसच बनवायचा. समोरून उजेड टाकला की गॉर्डन दिसला पाहिजे, बाजूनं टाकला की एक्लिप्सो. कॉमिक्समधल्यासारखा अर्ध्या चेहऱ्यावर निळा पट्टा मारला की ओळख पटती हे खरंय, पण तो पट्टा उजेडात पण तिथंच राहतो ना. मग उजेडानं राक्षस पळतो या गोष्टीला अर्थच उरत नाही.

आता कामाचं. स्केल खऱ्या माणसाच्या एक तृतीयांश घेतलाय. एक षष्ठांशमधी डोकं चार सेंटिमीटरपेक्षा पण कमी येतं, त्यात पापण्यांचं काम करायचं म्हणजे डोळे जायचे. एक तृतीयांशला साडेसात-पावणेआठ सेंटिमीटर मिळतं, तेवढं बास. आत सांगाड्याला बाइंडिंग वायर, ती आपल्या जालन्यात काय, सळईच्या गावात कुठंबी मिळती, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट दाबून. शाडू वापरली नाही कारण ती वाळताना आकसते आणि आतली तार काही आकसत नाही, मग बरोबर मानेवरच तडा जातो. म्हणून ऑइल क्ले, तेलात मळलेली माती. ती वाळत नाही पण ४२ डिग्रीत लोण्यासारखी होते, नाकाचा शेंडा सकाळपर्यंत ओठावर. मग डब्यात घालून फ्रिजमधी, पन्ह्याच्या बाटलीच्या शेजारी. आईनं डबा उघडून बघितला आणि म्हणली, "ग्रहणाचं भूत फ्रिजमधी कशाला ठेवायलास रे, अन् ते बी अर्धंच?" बोटं आणि कानासारख्या नाजूक जागा एपॉक्सी पुट्टीत, म्हणजे दोन भाग मळले की कडक होणाऱ्या लगद्यात, केल्यात, पण गर्मीत ती पण लवकर धरते, त्यामुळं चिमूटभरच मळायची आणि तेवढं संपल्यावर दुसरी.

सगळ्यात जास्त वेळ गेला रागावर. नेटवर चिडलेल्या चेहऱ्याचे फोटो ढिगानं आहेत पण सगळे ॲक्टिंग करायलेले, तोंड उघडं, दात बाहेर. खरा राग तसा नसतो. आमच्या गल्लीतल्या काकांची बोअरची मोटर जळली त्या दिवशी ते मेकॅनिकसोबत फोनवर बोलत होते, मी ओट्यावर बसून निवांत बघत होतो. आवाज उलट खाली आलेला. वरची पापणी जागेवर, खालची मात्र ताणून वर आलेली, ओठ इतके दाबलेले की कडा पांढऱ्या, आणि कानाच्या खाली जबड्याचा स्नायू एकदा फुगतोय एकदा बसतोय. कानामागून गळ्याच्या खड्ड्याकडं येणारी ती जाड शीर, म्हणजे स्नायूच तो, दोरीसारखा वर आलेला. मधीच मला म्हणले, "काय बघायलास बे?" मी म्हणलं काही नाही काका. घरी येऊन तोच जबडा लावला. आता एका बाजूचा डोळा सैल आहे, माणसाचा, आणि दुसऱ्या बाजूची खालची पापणी केसाएवढी वर. समोरून पटकन कळत नाही. बाजूनं दिवा लावला की कळतं, आणि एकदा कळलं की मग दिसणं बंद होत नाही.

सावलीचं गणित मात्र वेरूळनं सोडवलं. २९ नंबरचं लेणं, धुमार लेणं, तिथं अंधकासुरवधाचं मोठं शिल्प आहे. अंधक म्हणजे पार्वतीनं गमतीनं शंकराचे डोळे झाकले तेव्हा पसरलेल्या अंधारातून जन्मलेला असुर, त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा अंधक उभा. हजार तुकड्यांचा हिरा आठवला का नाही? मला तर तिथं उभ्या उभ्या हसू आलं. पण बघायला गेलो होतो उजेड. लेणं तीन बाजूंनी उघडं आहे, दगड सगळा एकाच रंगाचा काळपट बेसॉल्ट, रंगाची मदत शून्य, तरी ऊन सरकलं की चेहरा बदलतो. कारण भुवईखाली खोल घेतलंय. पट्टा रंगवायची गरजच नाही, खोदायचा. कुणाला जायचं असेल तर मंगळवारी जाऊ नका, बंद असतं.

परत आल्यावर राक्षसाच्या बाजूची भुवई पुढं काढली, डोळ्याची खोबण खोल केली, नाकाच्या कण्याला त्या बाजूनं धार दिली. धारेचा आकार चंद्रकोरीसारखा लागतो. त्याला माझ्याकडं २५ ऑक्टोबर २०२२ च्या ग्रहणाचे फोटो होते, दिवाळीतलं ते, सूर्य ग्रहणातच मावळला होता, सोलर फिल्टर लावून काढलेले. (त्या दिवशी आजी बाहेरच येऊ देईना, म्हणली वेध लागलेत, आणि मी गच्चीवर. खाली पाण्याच्या भांड्यात तुळशीची पानं आणि गल्लीत "दे दान सुटे गिराण" चालू.) फोटोतली कड स्वच्छ कापल्यासारखी आहे, तशीच कपाळापासून गालापर्यंत उतरवली.

रंगात फक्त एक गोष्ट केली. त्या बाजूला निळ्याचा एकदम पातळ थर, पाणीच जास्त, वाळला की दुसरा. पिवळ्या बल्बखाली तो मळकट कातडीसारखा दिसतो, लक्षात पण येत नाही. पांढरी एलईडी बाजूनं लावली की निळी झाक उठते आणि खोबणीतली सावली तिला जाऊन मिळते. बेसमधी दोन्ही दिवे बसवणार आहे, समोर पिवळा, बाजूला पांढरा, एकच स्विच, एक लागला की दुसरा बंद. त्यासाठी टू-वे स्विच बास आहे, जिन्यात लावतात तोच.

हात मात्र अजून मला पटत नाही. जुन्या चित्रांत तो हिरा डोळ्यासमोर धरून त्यातून काळा किरण सोडतो, ती पोझ सगळ्यांनी केलीय. मी हात गालापर्यंतच आणलाय, अंगठा आणि पहिल्या बोटात हिरा, बाकीची तीन बोटं अजून मोकळी. म्हणजे गॉर्डनला वाटायलंय आपणच धरलाय. करंगळी सध्या जास्तच नखरेल आलीय, कपबशी धरल्यासारखी, ती कापून परत करणार.

हिऱ्यासाठी काळा रेझिन ओतायचा विचार सोडला, या गर्मीत तो कपातच तापून घट्ट व्हायला लागतो आणि बुडबुडे वर यायला वेळच मिळत नाही. नंबरप्लेट करणाऱ्याकडून काळ्या ॲक्रिलिक शीटचे उरलेले तुकडे आणलेत, चिकटवून ठोकळा करायचा, मग पैलू घासायचे, २२० च्या वॉटर पेपरपासून २००० पर्यंत, पाणी लावत लावत. प्रश्न असा की जोडाची रेघ पॉलिशनंतर दिसते का? कुणी ॲक्रिलिकचे थर असे चिकटवून घासलेत का, आणि कशानं चिकटवले? क्लोरोफॉर्मनं चिकटवतात म्हणे साइनबोर्डवाले, पण घरात आजी आहे, ते नको. दुसरं काही चालत असेल तर सांगा, पावसाळ्याच्या आत साचा काढायचाय.