बिनवायरचा ग्राइंडर

रानातल्या विहिरीवरच्या फाटकाची बिजागरी गंजून पार जाम झाली, हे निमित्त. आमच्याकडे शेतीची लाईट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. विहिरीवर लोखंड कापायचा वायरचा ग्राइंडर चालवायचा तर मुहूर्त काढावा तसं वेळापत्रक बघायचं, घरून वायरचं बंडल न्यायचं, तिला तीन ठिकाणी जोड, त्यातला एक हमखास चिखलात. शेवटी बॅटरीवरचा चार इंची ग्राइंडर घेऊन टाकला.

पहिले आठ दिवस मी गावभर कापण्यासारखं काहीतरी शोधत हिंडलो. पंपाच्या खोलीचं कुलूप किल्ली हरवल्यामुळे दोन वर्षं लटकत होतं, ते मिनिटभरात खाली पडलं. आनंद झाला, पण त्या रात्री घराच्या कुलपाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, हेही खरं.

मग हिशेब कळला. बॅटरी 18 व्होल्टची, 4 अँपिअर-अवरची. गुणाकार 72 वॉट-अवर. घरचा जुना एजी फोर, म्हणजे वायरचा चार इंची ग्राइंडर, 700 वॉटच्या आसपास खातो. त्याच भुकेने हा जेवायला बसला तर सहा मिनिटांत ताट रिकामं! सहा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दहा एमएमची सळई तुटायला काही सेकंद पुरतात. कुंपणाची तार, गंजलेला बोल्ट, पत्र्याची कड, असल्या किरकोळ कामांना सहा मिनिटं भरपूर. भिंतीत पाइपासाठी चर मारायचा असेल किंवा अख्खं गेट घासायचं असेल, तर मात्र माळ्यावरून जुनंच मशीन काढावं लागतं. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने माझं नवं मशीन हातात घेऊन तोललं, एकदा फिरवून बघितलं आणि “घरगुती आहे” म्हणून परत दिलं. दिवसभर वेल्डिंग घासणारा माणूस तो, त्याचं चूक नाही.

बॅटरी घेणं ही खरं तर सोयरीक आहे. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. त्यामुळे पुढे ड्रिल घ्यायचं झालं तरी त्याच घराण्यातलं बघायचं. नुसतं मशीन स्वस्त पडतं, असं मनाला समजवायचं.

वायर गेली त्याबरोबर एक चांगली सवयही गेली. पूर्वी व्हील बदलायचं म्हटलं की हात आपोआप बोर्डाकडे जाऊन पिन काढायचा. आता मशीन मांडीवर घेतलं तरी ते जागंच असतं. आधी बॅटरी काढायची, हे हाताला अजून पाठ झालेलं नाही. मिनिटाला नऊ हजार फेरे म्हणजे चार इंची व्हीलची कड ताशी 170 किलोमीटरने धावते. व्हीलवरचा गार्ड, म्हणजे ठिणग्या आणि तुकडे अडवणारं झाकण, अडचण करतो म्हणून तो काढून ठेवणारे बहाद्दर आमच्याकडे घरटी एक आहेत. आणि व्हीलच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदतीची तारीख असते, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. राळेने बांधलेलं चाक ते, जुनं झालं की बांधणी कमजोर होते. दुकानातून आणलेली माझी दोन व्हील्स मुदत उलटलेली निघाली. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख चष्मा लावून वाचणारा मी!

तर ते फाटक. दोन बिजागऱ्या सुटल्या, तिसरीचा बोल्ट अर्ध्यावर आला आणि मशीन थांबलं. ही बॅटरी जुन्या टॉर्चसारखी मिणमिणत मरत नाही; जोरात असतानाच एकदम गप्प. दुसरी बॅटरी घेतलेली नव्हती. चार्जरला दोन तास लागतात आणि चार्जर घरी. मी मोटारसायकल काढली. चुलतभाऊ बांधावर बसून बघत होता, काही बोलला नाही.

चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावर बॅटरी खिशात घालून परत आलो, तर फाटक उतरवून आंब्याला टेकवलेलं. खाली लोखंडाचा भुसा, आणि भाऊ हॅक्सॉचं पातं लुंगीला पुसत होता.

“चहा नाही आणलास?” म्हणाला.