सहावा फाउल

आमच्या जिल्हा फुटबॉल संस्थेत फुटसालचे, म्हणजे हॉलमध्ये पाच-पाच जणांत खेळायच्या फुटबॉलचे, काम माझ्याकडे आहे. पावसाने बेळगावची मैदाने चिखलाने भरली की वरिष्ठांना या खेळाची आठवण होते आणि ऊन पडले की विसर पडतो, हे एकदा सांगून मोकळा होतो. चेंडू 4 नंबरचा लागतो आणि 2 मीटरवरून सोडल्यास त्याची पहिली उसळी 50 ते 65 सेंटिमीटरच्या आत बसावी लागते. भिंतीवर खडूच्या खुणा करून प्रत्येक सामन्याआधी मी तो स्वतः तपासतो. त्या दिवशीही तपासला होता. चूक झाली ती टेबलावर, माझ्या शेजारी.

अंतिम सामना शहापूर आणि निपाणी या संघांत होता. हॉलमधला स्कोअरबोर्ड बास्केटबॉलचा होता. फुटसालमध्ये प्रत्येक संघाचे फाउल मोजले जातात. पाचव्यापर्यंत बचाव करणाऱ्यांना फ्री किकसमोर खेळाडूंची भिंत उभारता येते, सहाव्यापासून मात्र भिंत नाही, 10 मीटरच्या खुणेवरून किक आणि समोर एकटा गोलरक्षक. पाचवा फाउल झाला की त्या संघाच्या बाजूला टेबलावर लाल फलक उभा करायचा असतो. मध्यंतरानंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, पण जादा वेळेत तसे नसते. उत्तरार्धातले फाउल तसेच पुढे चालतात. टर्फच्या जाळीवर चेंडू आपटत वाढलेल्या आमच्या प्रेक्षकांना याची गंधवार्ताही नसते.

3-3 अशा बरोबरीत उत्तरार्ध संपला तेव्हा शहापूरचे पाच फाउल झालेले होते. जादा वेळेसाठी बोर्डावरच्या मुलाने बटण दाबले आणि फाउलचे आकडे शून्यावर आले. वेळाधिकारी म्हणजे आमचे मामा. माझ्यासकट निम्म्या गावाला त्यांनी फुटबॉल शिकवला आहे. त्यांनी बोर्डाकडे पाहिले, लाल फलकाकडे पाहिले आणि फलक आडवा केला. मला नियम पाठ होता. पण चारचौघांत मामांना टोकायचे कसे, या संकोचात मी समोरच्या कागदावर उगाच वेळ लिहीत राहिलो.

दुसऱ्याच मिनिटाला शहापूरच्या बचावपटूने निपाणीच्या मुलाला पाडले. टेबलावरून बझर वाजायला हवा होता, तो वाजला नाही. तिघांची भिंत उभी राहिली, चेंडू भिंतीला लागून सुटला आणि त्याच चेंडूवर शहापूरने समोर जाऊन चौथा गोल केला.

निपाणीच्या व्यवस्थापकांनी रीतसर शुल्क भरून लेखी तक्रार दिली. "साहेब, तो गोल रद्द करा आणि आमची किक आम्हाला द्या, खेळ तिथूनच सुरू करू," असे त्यांचे म्हणणे. पंचांचा निर्णय अंतिम असतो, हे शहापूरकरांचे उत्तर. ते अंतिम असणे घडलेल्या गोष्टींबाबतचे. इथे फाउल झाला हे दोघांनाही मान्य होते, नियमच चुकीचा लावला गेला होता. बैठकीत मी सप्टेंबर 2005 मधल्या उझबेकिस्तान-बहरीन विश्वचषक पात्रता सामन्याचा दाखला दिला. उझबेकिस्तानची पेनल्टी पुन्हा घ्यायला लावण्याऐवजी पंचांनी बहरीनला फ्री किक दिली, म्हणून 1-0 असा उझबेकिस्तानने जिंकलेला सामना फिफाने रद्द करून पुन्हा खेळवला. तक्रार उझबेकिस्तानचीच होती आणि पुन्हा खेळून अखेर बाहेर पडला तोही उझबेकिस्तानच, एवढा भाग मी सांगितला नाही. सामना पुन्हा घ्यायचे ठरले. निपाणीच्या दोघांना कामावरून दुसऱ्यांदा रजा मिळाली नाही; उरलेले आले आणि 5-2 ने हरून परत गेले.

स्कोअरबोर्डातील दोषामुळे फाउलची नोंद पुसली गेली, असे मी अहवालात लिहिले. ते खोटे नाही. फलक हातानेच आडवा करावा लागतो, हे कोणी विचारले नाही आणि मी होऊन लिहिले नाही.

परवा टिळकवाडीत मामा भेटले. चहा संपेपर्यंत पावसाविषयी बोलत राहिले. उठताना म्हणाले, "मी फलक पाडलो तेव्हा तू बघितलास नव्हं?"

मी हो म्हणालो.